'यांस' पुरेसं आहे

लग्नपत्रिकेच्या पाकिटावर बाईच्या नावाआधी 'सौ.' लिहिणं आता थांबवावं, असं माझं मत आहे. 'श्रीमती' लिहिणंही थांबवावं आणि 'गं. भा.' तर लिहूच नये. पाकिटावर तिचं नाव लिहावं, आडनाव लिहावं, पुढे 'यांस' लिहावं आणि खाली पत्ता. पुरुषाचंही तसंच. हे मत मी घरात मांडते तेव्हा पहिलं उत्तर येतं ते असं, की कार्यालय ठरायचं आहे, केटररला आगाऊ रक्कम द्यायची आहे, गुरुजी फोन उचलत नाहीत, आणि तुला पाकिटाचं पडलंय. दुसरं उत्तर येतं, की असं नुसतं नाव लिहिलं तर लोकांना वाईट वाटेल. ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. गोष्ट क्षुल्लक असेल तर ती बदलल्यानं कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. वाईट वाटणार असेल तर ती क्षुल्लक नाही. मला ती क्षुल्लक वाटत नाही, म्हणून हा लेख.

मराठी पाकिटावरची ही शिडी महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या वाचकांच्या नजरेत नसेल, म्हणून आधी ती मांडते. मुलगा लग्नापर्यंत 'चि.' असतो, पुढे 'श्री.' होतो, आणि गेल्यावर 'कै.'. तीन पायऱ्या झाल्या आणि तिन्ही त्याच्याबद्दलच्या: लहान आहे, मोठा आहे, आता नाही. मुलगी 'कु.' असते. तिचं लग्न ठरलं की पत्रिकेत ती 'चि. सौ. कां.' होते, म्हणजे सौभाग्याची कांक्षा धरणारी. तिच्याशेजारी छापलेला नवरामुलगा नुसता 'चि.' असतो, त्याला कसलीच कांक्षा नाही. लग्न लागलं की ती 'सौ.'. नवरा गेला की 'श्रीमती', आणि लिहिणारा जुन्या वळणाचा असेल तर 'गं. भा.', म्हणजे गंगाभागीरथी. यातली एकही पायरी तिच्या वयाबद्दल, शिक्षणाबद्दल किंवा तिनं आयुष्यात काय केलं याबद्दल काही सांगत नाही. नवरा अजून नाही, येऊ घातला आहे, आहे, होता, एवढाच तो मजकूर आहे. 'सौ.' हे अक्षर बाईच्या नावाआधी असलं तरी ती नवऱ्याच्या प्रकृतीची बातमी आहे.

शिकलेल्या बाईचीही यातून सुटका नाही. 'डॉ. सौ.', 'प्रा. सौ.', 'ॲड. सौ.' ही जोडाक्षरं आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत की त्यातला विनोद दिसेनासा झाला आहे. डॉक्टर नवऱ्याच्या पाकिटावर 'डॉ. सपत्नीक' असं कुणी लिहीत नाही. डॉक्टर बायकोला मात्र पदवीनंतर लगेच दुसरा दाखला जोडावा लागतो. आणि नवरा गेला की ती 'डॉ. श्रीमती' होते. पदवी तीच, दवाखाना तोच, रोगीही तेच. बदललेलं फक्त मधलं अक्षर.

या शिडीची खरी परीक्षा शेवटच्या पायरीवर होते. बाई नवऱ्याआधी गेली तर ती 'कै. सौ.' होते. गावोगावच्या वाचनालयांत, शाळांच्या बक्षिसांवर, रुग्णालयांच्या भिंतींवरच्या संगमरवरी फरशांवर 'कै. सौ. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं आपण वाचतो. अहेवपणी जाणं हे भाग्य मानलं जातं, म्हणून मेल्यानंतरही तिचं सौभाग्य अबाधित राहतं. उलट पस्तिसाव्या वर्षी नवरा गेलेली, पुढे चाळीस-पन्नास वर्षं जगलेली, मुलं वाढवलेली, कर्ज फेडलेली बाई मात्र जगत असतानाच ते गमावते. ज्या उपाधीत मेलेल्या बाईला जागा आहे आणि जिवंत बाईला नाही, ती आदराची उपाधी आहे असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आता पाकिटावर हे कसं उतरतं ते पाहू. आमच्याकडे लग्नाची यादी वहीत व्हायची, आता संगणकावरच्या तक्त्यात होते. पहिला रकाना उपाधीचा, दुसरा नावाचा, तिसरा गावाचा. नवरा-बायको दोघंही असलेल्या घरी 'श्री. व सौ.' आणि पुढे नवऱ्याचं नाव. म्हणजे बाई पाकिटावर आहे, तिची उपाधी आहे, फक्त तिचं नाव नाही. हल्ली काही सुधारक घरांत 'सौ. व श्री.' असा क्रम उलटा करतात. पुढे नाव नवऱ्याचंच राहतं, त्यामुळे या सुधारणेत बाईचं फक्त लघुरूप दोन अक्षरं पुढे सरकतं. तक्त्यात खाली आलं की कुठेतरी घटस्फोट झालेली आतेबहीण येते, लग्न न केलेली पन्नाशीतली शाळामैत्रीण येते, एकत्र राहणाऱ्या दोन बायका येतात. इथे लिहिणाऱ्याचा हात थांबतो. आतेबहिणीला 'सौ.' म्हणावं तर ती आता तशी नाही, 'श्रीमती' म्हणावं तर तिचा नवरा मेलेला नाही. मैत्रिणीला 'कु.' म्हणायला संकोच वाटतो, कारण तिचे केस पिकले आहेत. मग मार्ग निघतो: आतेबहिणीचं वेगळं पाकीट काढायचं नाही, तिच्या भावाच्या पाकिटावर 'व परिवार' आहेच. तिचं घर वेगळं आहे, गाव वेगळं आहे, वीजबिल तिच्या नावावर येतं. पण तिच्यासाठी उपाधी सापडली नाही, म्हणून तिला पाकीट मिळालं नाही.

विधवेच्या बाबतीत तर हे नेमानं घडतं. माझ्या आईचं उदाहरण देते, कारण ते मला सगळं माहीत आहे. वडील गेले तेव्हा आई एकोणचाळीस वर्षांची होती. ती शाळेत शिक्षिका होती आणि घर तिच्या पगारावर चालत होतं. मी चौदा वर्षांची, भाऊ दहा वर्षांचा. पुढच्या वैशाखात नातेवाइकांच्या पत्रिका आल्या त्या भावाच्या नावानं: 'चि. अमुक व परिवार यांस'. त्याला केवढा आनंद झाला! त्याच्या नावानं आलेली ती पहिलीच टपालं. आई पाकीट उघडायची, तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहायची, शाळेत रजा टाकायची, आहेराच्या पाकिटात पैसे घालायची. लग्नघरी आहेराच्या वहीतही नोंद व्हायची ती भावाच्या नावावर. पैसे तिचे, रजा तिची, नाव पाचवीतल्या मुलाचं. तो कॉलेजात गेल्यावर 'चि.' जाऊन 'श्री.' झाला. आईचं नाव पुन्हा कधी पाकिटावर आलं नाही.

हे नातेवाईक दुष्ट नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. त्यांनी अडीअडचणीला धान्य पाठवलं, माझ्या फीचे पैसे भरले. पाकीट लिहिताना त्यांनी दोन गोष्टींचा विचार केला असणार. एक, पाकिटाच्या कोपऱ्यावर हळदकुंकवाचं बोट लागतं, त्याच्या शेजारी 'श्रीमती' बरं दिसत नाही. दोन, ते अक्षर वाचून तिला उगाच दुःख होईल. एक विचार शुभाशुभाचा आणि एक मायेचा. दोघांनी मिळून तिचं नाव खोडलं. मला या प्रथेतलं सर्वांत वाईट हेच वाटतं, की तिला चालायला क्रूर माणसं लागत नाहीत. उपाधी लिहिलीच पाहिजे हा नियम एकदा मान्य केला, की जिची उपाधी अडचणीची तिला वगळणं हाच सभ्यपणा ठरतो.

पाकिटावर जे होतं ते पुढे मांडवात होतं. मुहूर्तमेढीला कोण, हळद लावायला कोण, ओटी भरायला कोण, याची यादी पाकिटांच्या यादीतूनच निघते. 'सौ.' लिहिलेल्या नावांवर खूण केली की सवाष्णींची यादी तयार. ही निवड दारात कुंकू लावणारी मुलगी करत नाही. ती महिनाभर आधी, उपाधीच्या रकान्यात, झालेली असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्तानं, मे २०२२ मध्ये, तिथल्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्याचं आवाहन केलं. या ठरावाचं शहरांतल्या सुशिक्षित घरांनी तोंड भरून कौतुक केलं. आमच्याकडे कुठे कोण बांगड्या फोडतं, असंही म्हणून झालं. खरं आहे, फोडत नाहीत. आमच्याकडे ते काम पेनानं होतं.

आणि हेरवाडला वर्ष होतं न होतं तोच, एप्रिल २०२३ मध्ये, राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांच्या नावाआधी 'गंगा भागीरथी' हा सन्मानदर्शक शब्द वापरण्याबाबत प्रस्ताव तयार करायला आपल्या विभागाला सांगितलं. 'दिव्यांग' हा शब्द आला तसा हाही यावा, अशी त्यामागची कल्पना. टीका झाली, आणि अजून कोणताही निर्णय झालेला नाही असा खुलासा आला. मला यातला मंत्र्यांचा हेतू तपासायचा नाही. माझं म्हणणं एवढंच, की सगळा वाद शब्द कोणता असावा यावर झाला आणि मुळात शब्द कशाला हवा यावर फार थोडा. बायको वारलेल्या पुरुषाच्या नावाआधी कोणता सन्मानदर्शक शब्द लावावा, असा प्रश्न कुठल्या विभागाकडे गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तो गंगाही होत नाही आणि भागीरथीही. तो 'श्री.' होता, 'श्री.'च राहतो, आणि त्यात त्याचा अपमान झाल्याचं कुणाला वाटत नाही.

हे दुखणं एकट्या मराठीचं नाही. शेजारच्या गुजरातीत विवाहितेला 'अ. सौ.', म्हणजे अखंड सौभाग्यवती, आणि विधवेला 'गं. स्व.', म्हणजे गंगास्वरूप, असं लिहितात. गुजरात सरकारनं तर विधवा सहाय्य योजनेलाच 'गंगा स्वरूपा' हे नाव दिलं. तेलुगूत नवरीच्या नावाआधी 'चि. ल. सौ.' येतं आणि विधवेसाठी 'गं. भा. स.', म्हणजे गंगाभागीरथीसमान. कन्नड पत्रिकेतली नवरी 'चि. सौ.' असते. तमिळमध्ये लग्न झालेली 'तिरुमदी' आणि न झालेली 'सेल्वी'. तिथे निदान लग्न न झालेला मुलगाही 'सेल्वन्' असतो, म्हणजे खूण दोघांनाही आहे, एवढा तरी न्याय आहे. लिप्या वेगळ्या, भाषांची कुळं वेगळी, आणि रकाना सगळीकडे तोच.

पण भाषा बदलली की एक मजा होते, आणि ती महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांना चांगली ठाऊक आहे. हिंदीत 'श्रीमती' म्हणजे विवाहिता. मराठीत तेच अक्षर बहुतेक घरांत नवरा गेल्याची खूण आहे. इंदूरला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे हिंदीभाषक शेजाऱ्यांची पत्रिका आली. पाकिटावर तिच्या नावाआधी मोठ्या अक्षरांत 'श्रीमती'. लिहिणाऱ्यानं पूर्ण आदरानं लिहिलेलं. सासूबाईंनी ते वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "माझा मुलगा धडधाकट आहे, त्यांना सांगून ये," असं म्हणून त्यांनी सुनेला शेजारी पाठवलं. शेजारीण बिचारी गोंधळली. एकच शब्द नर्मदेच्या एका अंगाला मंगल आणि दुसऱ्या अंगाला अमंगळ असेल, तर मंगल-अमंगळ त्या शब्दात नाही, ते वाचणाऱ्याच्या भीतीत आहे.

'श्रीमती'चा हा प्रवास नीट पाहण्यासारखा आहे, कारण नवा शब्द शोधू पाहणाऱ्यांना त्यात धडा आहे. मुळात 'श्रीमान'चं स्त्रीरूप 'श्रीमती'. ज्याच्याजवळ 'श्री' आहे तो आणि जिच्याजवळ 'श्री' आहे ती. नवऱ्याचा त्यात काही संबंध नाही. पण मराठीत विवाहितेसाठी 'सौ.' राखीव होतं. उरल्या त्या बायकांसाठी उरलेला शब्द गेला, आणि उरलेपणाचा वास त्याला लागला. हिंदीतून आलेल्या 'सुश्री'चंही तेच झालं. तो सर्व स्त्रियांसाठी समान म्हणून पुढे आणला गेला, आणि व्यवहारात लग्न न केलेल्या कर्तबगार बाईची खूण होऊन बसला. 'सुश्री' म्हटलं की आपल्याला मायावती आणि उमा भारती आठवतात, मुलाबाळांतली मावशी आठवत नाही. म्हणून माझा नव्या शब्दावर विश्वास नाही. बायकांची विभागणी करणारा रकाना शाबूत ठेवून त्यात कोणताही चांगला शब्द टाकला, तरी पाच-दहा वर्षांत तो नासतो. रकानाच काढला पाहिजे.

इथे आदराचा मुद्दा येतो. नुसतं नाव कसं लिहायचं? मोठ्या माणसाला हाक मारल्यासारखं होईल. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. मराठी माणूस नात्यानं बोलतो, नुसत्या नावानं नाही. पण आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात: मराठीत आदर उपाधीत नसतो, तो व्याकरणात असतो. 'यास' आणि 'यांस' यांत फरक एका अनुस्वाराचा. त्या एका टिंबानं समोरचा माणूस एकाचा अनेक होतो, आणि अनेकवचन हा आपला मोठ्यात मोठा आदर. आणखी एक गंमत पाहा. आदर काढून घेतला तर पुरुषाला 'यास' लिहावं लागतं आणि बाईला 'हीस'. आदर दिला की दोघांनाही 'यांस'. म्हणजे पाकिटावर जिथे नाव संपतं तिथे मराठीनं बाई-पुरुष हा भेद आधीच पुसून ठेवला आहे. 'सुमन अमुक यांस' यात अनादर कुठे आहे, हे मला व्याकरण जाणणाऱ्यानं दाखवून द्यावं. ज्यांना एवढ्यानं समाधान नाही त्यांनी पाकिटाच्या आत, पत्रिकेच्या कोपऱ्यात, 'सुमनमावशी, नक्की ये' असं आपल्या हातानं लिहावं. मावशी, आत्या, काकू, ताई, आक्का, बाई ही नाती लिहिणाऱ्याशी आहेत. ती विधवा झाली म्हणून मावशीची कुणी दुसरी होत नाही.

आणि ज्यांना समोर उपाधी दिसल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्रातच एक तयार उत्तर आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध घरांनी आपली लग्नपत्रिका नव्यानं घडवली. देव बदलले, मंगलाष्टकं गेली, आणि उपाध्याही बदलल्या. पुरुष 'आयुष्मान', स्त्री 'आयुष्मती'. आयुष्य असलेला आणि आयुष्य असलेली. लग्नाआधी तेच, लग्नानंतर तेच, जोडीदार गेल्यावरही तेच. गेलेल्या माणसासाठी 'कालकथित', बाई असो वा बुवा. सवर्ण घरांतले सुधारक समान उपाधी कशी शोधावी यावर चर्चा करतात, तेव्हा शेजारच्या वस्तीत ती दोन-तीन पिढ्या वापरात आहे हे त्यांच्या गावीही नसतं. त्यांच्या घरी त्या वस्तीतून पत्रिका आली असती तर कळलं असतं. बौद्ध पत्रिकांतही अधूनमधून 'सौ.' शिरलेली दिसते, हेही मी पाहिलं आहे. जुनी सवय सगळ्यांच्या अंगात असते. पण ज्यांनी एकदा अख्खा मायना बदलून दाखवला, त्यांच्याकडून शिकायला लाज वाटू नये.

मायना हा निव्वळ रिवाज आहे, त्यात राजकारण कशाला, असं विचारणाऱ्यांना इतिहासातली एक गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. १७७९ साली मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनं सोनारांना 'नमस्कार' हा शब्द अभिवादनासाठी वापरायला मनाई केली. पुण्याच्या पेशवे दरबाराचा तसा आग्रह होता. 'नमस्कार' म्हणण्याचा अधिकार कुणाला, यावर दोन सरकारांनी कागद खर्च केले! आज त्या बंदीचं आपल्याला हसू येतं आणि 'नमस्कार' सगळ्यांचा झाला आहे. तो सगळ्यांचा झाला म्हणून कुणाचा आदर कमी झाल्याचं दिसत नाही. संबोधन कुणाला कोणतं, हा प्रश्न नेहमीच कुणाची पायरी कोणती याचा होता. ज्यांची पायरी वरची असते त्यांना तेवढा तो रिवाज वाटतो.

सर्वांत कठीण आक्षेप आजींचा. ऐंशी वर्षांच्या आजी, साठ वर्षांचा संसार, आजोबा खाटेवर असले तरी आहेत. 'सौ.' हे त्यांनी कमावलेलं आहे, असं त्या मानतात. ते काढून घेणारी मी कोण? काढून घेणारी मी कुणीच नाही. ज्या बाईला स्वतःच्या नावाआधी 'सौ.' हवं असेल आणि ती तसं सांगेल, तिच्या पाकिटावर जरूर लिहावं. स्वतःला काय म्हणवून घ्यायचं हा तिचा हक्क आहे. मी बोलते आहे ते न विचारता लिहिण्याबद्दल. पण या आक्षेपाच्या आत आणखी एक गोष्ट लपलेली आहे. आजींना वाईट वाटेल म्हणून शंभर पाकिटांवर 'सौ.' लिहिणारी माणसं, आजोबा गेल्यानंतरच्या पहिल्या लग्नात त्याच आजींच्या पाकिटावर काय लिहितात? तेव्हा त्यांना वाईट वाटेल याचा विचार का थांबतो? ज्या अक्षरावर आजींचं एवढं प्रेम आहे, ते त्यांच्या हातात कधीच नव्हतं. देणारे दुसरे आणि काढून घेणारेही दुसरे. नुसतं नाव लिहिण्याची सवय आजोबा असतानाच लागली, तर त्यानंतरच्या पाकिटात काहीच बदललेलं नसेल. आजींची काळजी असेल तर ती अशी घ्यावी.

आता पाकिटंच संपली, सगळं मोबाइलवर आलं, असंही सांगितलं जातं. खरं नाही. दूरच्यांना मोबाइलवर पत्रिका जाते, पण गणपतीला आणि कुलदैवताला पहिली पत्रिका कागदाचीच ठेवतात, आणि मानाची शे-दीडशे पाकिटं अजूनही हातानं लिहून, अक्षता घालून, घरी नेऊन दिली जातात. मोबाइलवरही मजकूर तोच असतो, 'श्री. व सौ.' बोटानं टाइप होतो एवढंच. टपालानं जाणाऱ्या पाकिटाचं म्हणाल, तर टपाल खात्याला बाईच्या सौभाग्याची माहिती लागत नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून त्यांना सहा आकडी पिनकोड लागतो. 'सौ.' लिहायची राहिली म्हणून परत आलेलं पाकीट मी पाहिलेलं नाही. पिन चुकल्यानं भटकलेली पाहिली आहेत.

महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये ठरवलं, की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम राहील. या मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव उपाधीशिवाय, नावासारखं नाव, असेल. त्यांच्या लग्नाच्या पत्रिका आणखी पंचवीसेक वर्षांनी निघतील. सरकारी दाखल्यावर जी बाई नावानिशी आहे, तिला मामाच्या घरच्या पाकिटानं नवऱ्याच्या नावामागे उभं करावं, ही नामुष्की आहे. सरकारी कागद घरच्या कागदाच्या पुढे गेला, असं आपल्याकडे क्वचितच घडतं.

करायचं काय, ते थोडक्यात सांगते, कारण पाकिटं लिहायला बसलेल्याला उपदेशापेक्षा नमुना लागतो. यादीच्या तक्त्यातला उपाधीचा रकाना पुसून टाका. घरात दोन मोठी माणसं असतील तर दोघांची नावं लिहा: 'सुमन व विजय अमुक यांस'. आडनावं वेगळी असतील तर दोन्ही पूर्ण लिहा. शाई जास्त लागत नाही. बाई एकटी राहत असेल तर पाकीट तिच्या नावानं, तिच्या पत्त्यावर, भावाच्या घरी नाही. नवरा गेलेल्या बाईच्या घरी मुलगा कितीही कर्ता असला तरी तिचं नाव आधी. 'व परिवार' लिहायचंच असेल तर ते घरातल्या ज्येष्ठ माणसाच्या नावापुढे, आणि ज्येष्ठ माणूस बाई असू शकते. 'डॉ.', 'प्रा.' हे ज्याचं त्यानं मिळवलेलं आहे, ते राहू द्या, पण त्यानंतर थेट नाव. नाव माहीत नसेल तर विचारा. वर्षानुवर्षं जिच्या हातचं जेवलो त्या काकूचं नाव माहीत नाही, असं पाकीट लिहिताना पुष्कळांच्या लक्षात येतं. एक फोन करावा. फोनवर नाव विचारलं की पलीकडून आधी थोडं हसू ऐकू येतं, मग नाव येतं, आणि बहुधा ते कसं लिहायचं तेही, ऱ्हस्व की दीर्घ. तसंच लिहावं, पुढे 'यांस' लिहावं, पिनकोड तपासावा आणि पाकीट बंद करावं.